एकट्याने शिकणाऱ्यासाठी पाठ कसा रचावा?

(संघाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात आंबिवली येथे दिलेले व्याख्यान)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आटोपल्यावर आणि भोजनाची वेळ जवळ आलेली असतानाही आपण सर्व मंडळी व्याख्यान ऐकण्यासाठी थांबलात, हे आपल्या समाजाच्या विद्याप्रेमाचे लक्षण आहे असे मी मानतो. आपल्या सौजन्याचा गैरफायदा न घेता मी मुद्द्याला धरून बोलण्याचा प्रयत्न करीन.

चालकांनी मला विषय सुचविला तो 'मोबाइलद्वारे शिक्षण' असा. मोबाइल कसा वापरावा हे सांगण्यासाठी या सभेत माझी गरज नाही. येथे पुढे बसलेली आठ-दहा वर्षांची मुलेच ते मला शिकवतील. मला बोलावयाचे आहे ते मोबाइलच्या आत जो पाठ ठेवावयाचा त्याविषयी. शिक्षक समोर नाही, वर्ग नाही, शेजारी विचारायला सोबती नाही, अशा अवस्थेत जो विद्यार्थी एकटाच अभ्यासाला बसतो त्याच्यासाठी पाठ कसा रचावा, हा आजचा माझा विषय आहे.

या विषयाला आज एक निकडीचे कारणही आहे. आपल्या शिक्षणनिधीचा यंदा विनियोग कसा करावा, याबाबत मंडळापुढे दोन सूचना आलेल्या आहेत. गरजू विद्यार्थ्यांना टॅबलेट घेऊन द्यावेत ही एक. आणि चांगल्या शिक्षकांची तास-तासभराची व्याख्याने चित्रमुद्रित करून ती व्हॉट्सअ‍ॅपवर सर्वांना पाठवावीत ही दुसरी. दोन्ही सूचना सद्भावनेने आलेल्या आहेत आणि त्या मांडणाऱ्यांविषयी मला आदर आहे. तथापि दोहोंतही एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. साधन हाती आले किंवा व्याख्यान कानी पडले म्हणजे शिक्षण झाले, ही ती गोष्ट. माझे नम्र म्हणणे असे की, साधन बाजारात विकत मिळते, व्याख्यान एका सकाळी मुद्रित होते, पाठ मात्र परिश्रमाने रचावा लागतो. आणि आपला निधी खर्च व्हावयाचा असेल तर तो प्रथम या परिश्रमावर व्हावा.

आपल्या परिसरात हा प्रश्न केवळ पंडितांच्या चर्चेचा नाही. मोहन्याच्या एनआरसी कारखान्यात रेयॉनचा धागा निघत असे. तो कारखाना २००९ मध्ये बंद पडला. त्या दिवशी ज्यांच्या हातांत यंत्राचे कसब होते, त्यांतील कित्येकांजवळ त्या कसबाचा दाखला देणारा कागद नव्हता. चाळिशी उलटलेल्या संसारी माणसाने पुन्हा शाळेच्या बाकावर कसे बसावे? मुलांनाही शिक्षण पुरे होण्याआधीच मिळेल ती नोकरी धरावी लागली. अशा घरांना शिक्षणाचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे नोकरी-संसार सांभाळून स्वतःच अभ्यास करण्याचा.

या मार्गाने जाणारे दोन विद्यार्थी आपण डोळ्यांपुढे आणू. ते कोणी एक व्यक्ती नव्हेत. आपल्यापैकी प्रत्येकाला आपापल्या घरात किंवा शेजारी ते सापडतील. एक तरुण आंबिवली स्थानकात सकाळची कसाऱ्याहून येणारी गाडी पकडतो. ती टिटवाळ्यालाच भरून आलेली असते. मुंबईपर्यंतचा प्रवास सव्वा ते दीड तासाचा. एक हात वरच्या कडीला, दुसऱ्या हातात मोबाइल. मधेच रेंज जाते. हा त्याचा अभ्यासाचा वेळ. दुसरी आहे अटाळी किंवा वडवलीकडची एखादी भगिनी. दहावीनंतर लग्न झाले, मुले मोठी झाली, आता पदवी घ्यावी असे मनात आले. घरात चांगला मोबाइल एकच आणि तो दिवसभर यजमानांबरोबर बाहेर. रात्रीची भांडी झाल्यावर साडेदहाला तो तिच्या हाती येतो, तेव्हा तिचे डोळे मिटू लागलेले असतात. आपण जो पाठ रचणार तो या दोघांसाठी आहे. त्यांच्या हाती तासभराचे मुद्रित व्याख्यान देणे म्हणजे तहानेलेल्याला विहीर दाखवून दोर न देणे होय.

दुरून शिकविण्याची कल्पना नवी नाही, आणि मोबाइलने ती जन्माला घातलेली नाही. इंग्लंडात १८४० मध्ये एका पेनीत देशात कोठेही पत्र जाऊ लागले. त्याच वर्षी आयझॅक पिटमन यांनी आपली लघुलिपी टपालाने शिकविण्यास आरंभ केला. विद्यार्थी कार्डावर लघुलिपीत मजकूर लिहून पाठवीत आणि पिटमन तो तपासून परत पाठवीत. या व्यवहाराचे खरे मर्म धडा पाठविण्यात नव्हते. चूक दुरुस्त होऊन परत येण्यात होते. आपल्या देशात दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये आणि मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. ब्रिटनमध्ये १९६९ साली मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि नभोवाणी-दूरचित्रवाणीची जोड घेऊनही त्याने मुख्य भिस्त ठेवली ती काळजीपूर्वक लिहिलेल्या छापील पाठांवर. महाराष्ट्रात १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभे राहिले. डॉ. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद घेऊन या विद्यापीठाने शेतकरी, कामगार, गृहिणी अशांच्या दारापर्यंत पदवी नेली. आपल्या समाजातही त्या पदवीचे मानकरी आहेत आणि त्यांतील काही येथे बसलेले आहेत.

मुक्त विद्यापीठांची ही पुस्तके ज्यांनी हाताळली आहेत त्यांना त्यांची ठेवण आठवत असेल. आरंभी उद्दिष्टे दिलेली असतात. हा घटक वाचून झाल्यावर तुम्हांला काय करता येईल ते तेथे सांगितलेले असते. मग थोडे विवेचन, त्यानंतर स्वयं-अध्ययनाचे प्रश्न, मग पुन्हा विवेचन. शेवटी सारांश, पारिभाषिक शब्द आणि प्रश्नांची उत्तरे. पुष्कळ विद्यार्थी मधले प्रश्न वगळून सरळ सारांशावर जातात आणि ही ठेवण म्हणजे छापखान्याची एक रीत आहे असे समजतात. वस्तुतः त्या प्रश्नांतच शिक्षक बसलेला असतो. वर्गात शिक्षक मधेच थांबून 'काय रे, समजले का?' असे विचारतो, फळ्याशी बोलावतो, चुकलेले खोडतो. पुस्तकातील तो प्रश्न म्हणजे त्याच शिक्षकाने कागदावर घेतलेले रूप होय. पाठ मोबाइलवर आला तरी हे सूत्र बदलत नाही.

स्वाध्यायाचे नाव निघाले की आपल्याकडे एकलव्याची आठवण होते. त्याच्यावर पुढे जो अन्याय झाला तो आपण सर्व जाणतो. मी आज त्याच्या अभ्यासाविषयी बोलतो आहे. त्याने गुरूची मातीची मूर्ती समोर ठेवली आणि तो धनुर्विद्या शिकला, असे आपण मुलांना सांगतो. मूर्तीने त्याला श्रद्धा दिली असेल, पण ती बोलत नव्हती. बोलत होता तो बाण. बाण लक्ष्याच्या डावीकडे गेला की उजवीकडे, वर गेला की खाली, हे त्याला प्रत्येक वेळी तत्क्षणी कळत होते, आणि पुढचा बाण तो सुधारून मारीत होता. धनुर्विद्येत ही सोय निसर्गतःच असते. हिशेबतपासणी, इतिहास, व्याकरण, परिचर्या या विषयांत ती नसते. चुकीचे समजले तरी विद्यार्थ्याला ते समजतच नाही, आणि परीक्षेच्या निकालापर्यंत तो समाधानात राहतो. म्हणून या विषयांच्या पाठात बाण कोठे पडला ते सांगण्याची व्यवस्था पाठकर्त्याला मुद्दाम करावी लागते. माझ्या आजच्या सर्व बोलण्याचे सार एवढेच आहे.

तात्त्विक बोलणे पुरे करून एक उदाहरण घेतो. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला आणि कोणत्याही गृहिणीलाही उपयोगी पडेल असा विषय आहे कर्जाच्या व्याजाचा. रूढ पद्धतीचा पाठ असा असेल: प्रथम सरळ व्याजाची व्याख्या, मग शिल्लक रकमेवरील व्याजाची व्याख्या, मग दोन सूत्रे, मग एक सोडविलेले उदाहरण. विद्यार्थी ते वाचतो, मान डोलावतो आणि दुसऱ्या दिवशी विसरतो.

आता हाच पाठ निराळ्या रीतीने रचू. आरंभी एक प्रसंग: 'आपण ६०,००० रुपये कर्ज घेतले. मुद्दलाची फेड दरमहा ५,००० रुपये, म्हणजे १२ महिन्यांत पूर्ण. व्याजाचा दर दोन्ही सावकारांकडे सालीना १२ टक्के. पहिला सावकार वर्षभर मूळ रकमेवर व्याज लावतो. दुसरा दर महिन्याला शिल्लक राहिलेल्या रकमेवर. पहिल्याचे व्याज ७,२०० रुपये होते. दुसऱ्याचे किती होईल? पुढे जाण्यापूर्वी कागदावर आकडा लिहा.' सूत्र अजून सांगितलेले नाही. विद्यार्थ्याला स्वतःच्या बुद्धीने एक बाण मारू दिलेला आहे.

यापुढे खरे काम सुरू होते. विद्यार्थी कोणकोणती उत्तरे लिहील, याचा विचार पाठकर्त्याने आधीच केलेला असतो. एखादा लिहील, '७,२००च.' त्याला 'चूक' एवढेच सांगून भागणार नाही. त्याला असे उत्तर मिळावे: 'आपण पूर्ण ६०,००० रुपये वर्षभर आपल्यापाशी होते असे धरलेले दिसते. सहा हप्ते फेडल्यावर किती रक्कम उरली ते काढून पाहा.' ती उरते ३०,०००. मग त्याचे त्यालाच उमगते. दुसरा अधिक चाणाक्ष असेल. तो म्हणेल, आरंभी ६०,००० आणि अखेरीस शून्य, तेव्हा सरासरी ३०,००० आणि तिचे १२ टक्के म्हणजे ३,६००. त्याला सांगावे: 'दिशा अगदी बरोबर आहे. परंतु पहिल्या महिन्याचे व्याज पुऱ्या ६०,०००वर आणि शेवटच्या महिन्याचे ५,०००वर लागते. मग सरासरी किती होईल?' ती होते ३२,५००, आणि व्याज येते ३,९००. दर तोच असून एकीकडे ७,२०० आणि दुसरीकडे ३,९००! हा आकडा स्वतः काढलेला विद्यार्थी सूत्र विसरला तरी कर्जाच्या कागदावर सही करताना एक प्रश्न निश्चित विचारील. शिक्षण म्हणतात ते याला.

लक्षात घ्या, या पाठात चलच्चित्रे नाहीत, संगीत नाही, खर्चाची यंत्रे नाहीत. तो साध्या मोबाइलवर, फार काय छापील कागदावरही देता येईल. त्यात आहे तो विद्यार्थ्याच्या संभाव्य चुकांचा अभ्यास, आणि तो अभ्यास वर्गात वर्षानुवर्षे शिकविलेल्या शिक्षकापाशीच असतो. म्हणूनच पाठ रचताना संगणकतज्ज्ञाइतकीच, किंबहुना त्याहूनही अधिक गरज आपल्यातील जुन्या शिक्षकांची आहे.

या रीतीला प्रयोगांचाही आधार आहे. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. दुसऱ्यांनी तो एकदा वाचून मग पुस्तक मिटून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. परंतु आठवड्यानंतर चित्र पालटले. दोनदा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवले, लिहून काढणाऱ्यांना ५६. याचा अर्थ असा की, पुन्हा पुन्हा वाचल्याने किंवा व्हिडिओ पुन्हा पाहिल्याने जे समाधान वाटते ते फसवे असते. आपल्या आजीच्या पिढीतील पाठांतर म्हणून घेण्याची रीत, समोरच्याने पोथी मिटवून 'म्हण पाहू' असे सांगण्याची, या बाबतीत शहाणपणाची होती.

आता पाठाच्या आकाराविषयी. २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन शिक्षणसंस्थेच्या अभ्यासक्रमांतील व्हिडिओ ६९ लाख वेळा पाहिले गेल्याच्या नोंदी तपासण्यात आल्या. व्हिडिओ कितीही लांब असला तरी विद्यार्थ्याचे लक्ष साधारणतः सहा मिनिटांच्या पलीकडे टिकत नाही, असे आढळले. आपल्या गाडीतील तरुणासाठी मी हाच हिशेब स्थानकांत मांडतो. आंबिवलीला उघडलेला पाठ कल्याण येईपर्यंत पुरा व्हावा. एक कल्पना, तिचे एक उदाहरण, तिच्यावर एक प्रश्न आणि त्याचे उत्तर, एवढा एका पाठाचा घास असावा. कल्याणला गर्दीत मोबाइल खिशात गेला तरी काही अर्धवट राहत नाही. ठाण्यापुढे दुसरा पाठ उघडता येतो.

चित्र आणि शब्द यांच्या मेळाविषयी रिचर्ड मायर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने पुष्कळ प्रयोग केले आणि त्यांचे निष्कर्ष २००१ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. चित्र आणि त्याचे तोंडी स्पष्टीकरण एकत्र असले म्हणजे समज वाढते. पण पडद्यावर लिहिलेला मजकूरच शिक्षक अक्षरशः वाचून दाखवू लागला तर डोळा आणि कान एकाच गोष्टीच्या मागे धावतात आणि शीण होतो. शोभेची चित्रे, मागे वाजणारे संगीत, विषयाशी संबंध नसलेली गंमत यांनी लक्ष विचलित होते. विद्यार्थ्याशी संवादाच्या भाषेत बोललेला पाठ ग्रंथी भाषेतील पाठापेक्षा अधिक लागू पडतो, असेही त्यांना आढळले. मी येथे आपल्यापुढे सभेच्या भाषेत बोलत आहे. परंतु रात्री साडेदहाला अभ्यासाला बसलेल्या भगिनीशी पाठाने याच भाषेत बोलू नये. 'आता आपण एक करून पाहू' असे घरातल्या मोठ्या बहिणीने बसून सांगावे तसे त्याने सांगावे. मात्र जिव्हाळा म्हणजे अरेतुरे नव्हे. विद्यार्थी वयाने प्रौढ आहे, त्याने संसार ओढलेला आहे. चुकला तरी त्याचा मान राखूनच चूक दाखवावी.

भाषेचा प्रश्न निघालाच आहे तर मराठीविषयी दोन शब्द बोलतो. पाठ मराठीत असावा याविषयी आपल्यात दुमत नसेल. पण परिभाषा अशी योजावी की विद्यार्थी दोन्ही तीरांवर उभा राहू शकेल. 'घसारा' शिकविताना कचेरीत त्याला 'डेप्रिसिएशन' म्हणतात हेही तेथेच सांगावे, नाहीतर विषय कळूनही नोकरीच्या मुलाखतीत तो गप्प बसेल. दुसरी गोष्ट तांत्रिक आहे पण महत्त्वाची आहे. जुन्या अक्षरसंचांत टंकलेला मराठी मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडला की अक्षरांच्या जागी चिन्हांचा खच पडतो. म्हणून सर्व लेखन युनिकोडमध्ये करावे. पुस्तकाच्या पानांचे फोटो काढून त्यांची पीडीएफ पाठविण्याचा जो प्रघात पडला आहे तो सोडावा. त्या फोटोतला शब्द शोधता येत नाही, अक्षर मोठे केले की पान पडद्याबाहेर जाते, आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या मोबाइलला ते वाचून दाखविता येत नाही. युनिकोडमधील मजकूर मात्र मोबाइल त्याला मराठीत वाचून दाखवू शकतो. आपल्यातील एका जरी मुलाला किंवा मुलीला याचा लाभ झाला तरी सर्व श्रमांचे सार्थक होईल.

खर्चाचाही विचार केला पाहिजे. तासाभराच्या व्हिडिओत अनेकांचा दिवसभराचा डेटा संपतो. त्याऐवजी दहा मिनिटांचे स्वच्छ ध्वनिमुद्रण साधारण पाच मेगाबाइटांत मावते. ते घरी उतरवून घेता येते, रेंज गेली तरी चालते, आणि गाडीत उभ्याने ऐकता येते. त्या भगिनीला पोळ्या लाटतानाही ऐकता येते. ज्या विषयात हात चालताना पाहणे आवश्यक आहे, उदाहरणार्थ जखमेची पट्टी बांधणे किंवा विजेची जोडणी, तेथेच व्हिडिओ करावा. बाकी ठिकाणी कागद आणि कान पुरेसे आहेत. कागदाला तुच्छ लेखू नये. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यांनी पाठ्यपुस्तक टाकून दिले नाही. पुस्तकाच्या पानावरच क्यूआर कोड छापून त्यातून ध्वनी, चित्र आणि प्रश्न यांच्याकडे वाट काढून दिली. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड आले. चार पानांची छापील पुस्तिका आणि तिच्यावर एक क्यूआर कोड, एवढ्याने घरातील एकुलता एक मोबाइल बाहेर गेला असतानाही त्या भगिनीचा अभ्यास थांबणार नाही.

येथवर मी पाठाची स्तुती केली. आता त्याच्या मर्यादेविषयी बोलतो. उत्तम पाठ दिला म्हणजे विद्यार्थी तो पुरा करतोच असे नाही. हार्वर्ड विद्यापीठ आणि एमआयटी या जगप्रसिद्ध संस्थांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या नोंदी तपासून २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक लेख आला. २०१७-१८ या वर्षी नाव नोंदविणाऱ्यांपैकी शंभरातील जेमतेम तिघांनी अभ्यासक्रम पुरा केला होता. ज्यांच्यापाशी पैसा, विद्वान आणि यंत्रे यांचा तोटा नाही त्यांची ही अवस्था! आपल्याकडेही मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा मोबाइलवर पाठांचा पाऊस पडला. त्यांतील किती पाठ मुलांच्या मनात मुरले, हे प्रत्येक घराने पाहिलेले आहे.

याचे कारण विद्यार्थ्याचा आळस, असे म्हणून आपण मोकळे होऊ नये. एकट्याने शिकणारा माणूस विषयाला कंटाळण्यापूर्वी एकटेपणाला कंटाळतो. आपण अडलो हे कोणाला ठाऊक नाही, आपण थांबलो तरी कोणी विचारणार नाही, ही भावना त्याला परत फिरविते. म्हणूनच मुक्त विद्यापीठांनी अभ्यासकेंद्रे आणि संपर्कसत्रे ठेवली. केंद्र सरकारने ९ जुलै २०१७ रोजी सुरू केलेल्या 'स्वयम्' या उपक्रमातही व्हिडिओ, वाचनसाहित्य आणि स्वयंचाचणी यांच्या जोडीला चर्चेचा चौथा भाग ठेवलेला आहे. स्वाध्याय म्हणजे एकटेपण नव्हे. अभ्यास ज्याचा त्याने करावयाचा, पण 'कसे चालले आहे?' असे विचारणारा कोणीतरी पाहिजे. विद्यापीठाला ते दुरून करावे लागते. आपल्याला मात्र विद्यार्थ्याचे घर ठाऊक आहे, त्याचे आईवडील ठाऊक आहेत, त्याची नोकरीची पाळीही ठाऊक आहे. ज्ञातिसंस्थेचा या काळात काही उपयोग असेल तर तो येथे आहे.

तेव्हा शिक्षणनिधीच्या संदर्भात माझी सूचना मंडळाने विचारात घ्यावी. पहिल्या वर्षी फार मोठा संकल्प करू नये. एकच विषय निवडावा, ज्यात आपले अधिकाधिक विद्यार्थी अडतात असा. आणि त्याचे बारा पाठ तयार करावेत. आपल्या समाजात निवृत्त शिक्षक आहेत, बँकांत आयुष्य काढलेले आहेत, परिचारिका आहेत, संगणकाचे काम करणारी तरुण मंडळी आहे. एक जुना शिक्षक, एक त्या विषयात काम करणारा आणि एक तरुण अशा तिघांनी मिळून एक पाठ रचावा. शिक्षकाने विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या चुका सांगाव्यात, कामकऱ्याने व्यवहारातील उदाहरण द्यावे, तरुणाने ते मोबाइलवर बसवावे.

पाठ झाला की तो लगेच वाटू नये. ज्यांच्यासाठी तो आहे अशा तीन-चार विद्यार्थ्यांना तो द्यावा आणि पाठकर्त्याने शेजारी गप्प बसून पाहावे. बोलण्याचा मोह आवरावा, कारण उद्या तो शेजारी असणार नाही. विद्यार्थी जेथे थबकला, जेथे मागे गेला, जेथे उगीच हसला, तेथे खूण करावी आणि ते वाक्य दुरुस्त करावे. शिंपी कपडा अंगावर चढवून पाहिल्याशिवाय शेवटची शिलाई घालीत नाही. पाठाचेही तसेच आहे.

महिन्यातील एका रविवारी याच सभागृहात दोन तास विद्यार्थ्यांनी एकत्र यावे. तेथे व्याख्यान होऊ नये. ज्याचे जे अडले असेल ते त्याने मांडावे. जो आला नाही त्याच्या घरी आपल्यातील कोणीतरी त्या आठवड्यात जाऊन यावे. टॅबलेट घ्यावयाचेच असतील तर ते दोन-चारच घ्यावेत आणि वाचनालयातील पुस्तकांप्रमाणे फिरते ठेवावेत.

आणखी एक विनंती करून थांबतो. हे पाठ तयार झाले की ते आपल्या ज्ञातीच्या पेटीत कुलूपबंद करून ठेवू नयेत. शिष्यवृत्तीची रक्कम एकाला दिली की दुसऱ्याला कमी पडते. पाठाचे तसे नाही. तो शेजारच्या घरात गेला तरी आपल्या घरातून उणा होत नाही. कारखाना बंद पडला तेव्हा त्याची झळ जात पाहून लागली नव्हती. मोहने, गाळेगाव, अटाळी, वडवली येथील कोणत्याही घरातील मुलाला वा मुलीला हे पाठ मोकळे असावेत. आपल्या संघाचे नाव पाठाच्या खाली बारीक अक्षरांत असले तरी पुरे; ते वाचणारा मनातल्या मनात आपल्याला दुवा देईल.

वर्षभराने आपण पुन्हा येथे जमू. तेव्हा अहवालात किती टॅबलेट वाटले याचा आकडा नसला तरी चालेल. बारा पाठ झाले, इतके जण त्यांवर बसले, इतके शेवटपर्यंत पोहोचले आणि मधेच थांबलेल्यांच्या घरी आम्ही जाऊन आलो, एवढी चार वाक्ये त्यात वाचावयास मिळावीत, अशी इच्छा व्यक्त करतो.